खुणांच्या घरातलं जर्मन

आमच्या घरात लांब वाक्य बोलायची सोयच नव्हती. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये टॉवेलचे चार माग. सकाळी सातला त्यांची खटाखट सुरू झाली की 'कारण', 'तरीपण' असले शब्द कुणाला ऐकू येणार? आम्ही खुणांनी बोलायचो. दोन बोटं दाखवली की चहा. मूठ तोंडाशी नेली की जेवण. आडवा तळहात हवेत फिरवला की झालं, बंद कर. बोलावंच लागलं तर दोन शब्द, तेही ओरडून. "कांडी आण!" "धागा तुटला!" माग अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, स्वतःचे. आई गेली तो एक दिवस सोडला, तर त्यांनी कामाच्या वेळी ते बंद केल्याचं मला आठवत नाही.

मी नर्स आहे. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलनं मला निवडलं होतं. अट एकच, भाषेची परीक्षा पास व्हायची. सोलापुरातच क्लास लावला होता. उपवाक्यांच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका. जर्मनमध्ये क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं. 'उंड' म्हणजे आणि, 'आबर' म्हणजे पण, हे शब्द कुणाला हलवत नाहीत. पण 'वाइल' म्हणजे कारण आणि 'ओपवोल' म्हणजे जरी, हे आले की क्रियापद उठून थेट शेवटी जातं." त्यांना वाटलं आम्ही रडू. आम्ही हसलो. क्रियापद शेवटी नाही तर कुठं असणार? 'मी आले नाही, कारण मी आजारी होते.' आमच्या मराठीत ते आधीपासून तिथंच पथारी पसरून बसलेलं. वहीत माझी उपवाक्यं इतकी बिनचूक असायची की मला थोडा माजच आला होता.

तो पुण्यात, परीक्षेच्या दिवशी उतरला. लेखी छान गेलं. तोंडीला समोर दोन परीक्षक. दिलेल्या विषयावर चार मिनिटं बोलायचं होतं. मी आठ वाक्यं बोलले. प्रत्येक वाक्य चार-पाच शब्दांचं, आणि एवढ्या मोठ्यानं की परीक्षक बाईंनी खुर्ची मागं सरकवली. एका मिनिटात माझं संपलं. आणि संपल्यावर मी काय करावं? आडवा तळहात हवेत फिरवला. झालं, बंद कर! हात खाली यायच्या आत मला कळलं की आपण माती खाल्ली.

तोंडीत नापास. हॉस्पिटलनं आणखी एकच संधी दिली.

मॅडम रागावल्या नाहीत. "तुझं एकही वाक्य चुकत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुझी वाक्यं एकमेकांशी बोलत नाहीत. घरी कुणाशी तरी रोज दहा मिनिटं बोल. मराठीत बोल. फक्त प्रत्येक गोष्टीचं कारण सांग." मग माझी वही चाळत विचारलं, "आणि 'जरी'ची सगळी वाक्यं पावसावरच का गं? पाऊस असला तरी मी बाजारात जाते, पाऊस असला तरी मी बस पकडते. सोलापुरात एवढा पाऊस कधीपासून पडायला लागला?"

मी हसून वेळ मारून नेली. खरं 'जरी' मला माहीत होतं. ते वहीत लिहायची माझी छाती नव्हती.

घरी बोलायला होते फक्त अप्पा, आणि तेही आवाजात राहून राहून कमी ऐकणारे. माग बंद असतात त्या सुट्टीच्या दुपारी मी त्यांना शेडच्या दारात बसवलं. गृहपाठ समजावला.

"बोल की," ते म्हणाले. "मी काय धरून ठेवलंय तुला?"

"मला जर्मनीला जायचंय."

"ते म्हाईत हाय. का जायचंय?"

त्यांनी मला कधी 'का' विचारलंच नव्हतं. नर्सिंगला गेले तेव्हाही नुसती मान हलवली होती. मी सुरुवात केली. आईच्या वेळी वॉर्डात सगळे आपल्याला 'बाहेर बसा', 'थांबा', 'सही करा' एवढंच सांगत होते. एकच नर्स अशी होती की जी आईजवळ बसायची आणि ही सुई का, हे पाणी का बंद, ते तिला सांगायची. ते ऐकलं की आईची भीती कमी व्हायची, म्हणून मी नर्स झाले. तिथं एका नर्सकडं इतके पेशंट नसतात, असं ऐकलंय, आणि मला बसून बोलायला वेळ हवाय, म्हणून जायचंय.

एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. मग मी म्हणाले, "तुम्ही एकटे पडाल हे मला कळत असलं तरी मला जायचंय, अप्पा."

त्यांनी मागाकडं बघितलं. मला वाटलं, आता तळहात फिरणार.

"तुजी आई गेल्यापासनं," ते म्हणाले, "मी माग लवकर चालू करतो, कारण आवाज असला की घर रिकामं वाटत न्हाय. तू गेलीस तरी माग हायेतच की. तू जा. पण गेल्यावर असंच बोलत जा, लांब."

मी पदराआड नाही, सरळ समोर बसून रडले. मग रोज दहा मिनिटं आम्ही बोललो, माग सुरू व्हायच्या आधी, चहा घेताना.

दुसऱ्यांदा पुण्यात 'ओपवोल' आपोआप तोंडात आलं. पाऊस नव्हता त्यात.

निकाल फोनवर आला तेव्हा कामाची वेळ होती. मी शेडच्या दारातून ओरडले, "पास!" ऐकू येत नाही म्हणून अप्पांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा ओरडले. त्यांना कळलं, मी चेहऱ्यावरून ओळखलं. तरी ते पहिल्या मागाकडं गेले आणि तो बंद केला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

शेड शांत झाली. अप्पांनी पाटावरचा कापूस झटकला, बसले, आणि शेजारची जागा हातानं पुसली.

"आता सांग," ते म्हणाले. "पयल्यापासनं."