सतरंजीचं दुसरं टोक

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. भूत, भानामती, अंगात येणं — कशालाच थारा नाही. त्यात माझी नोकरी जालन्यात, एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये उगवण तपासायची. ट्रेमध्ये कोंब दिसला तर उगवलं, नाही दिसला तर नाही. त्यामुळे पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा, तुमच्या जागी मीही हसलो असतो.

गावी, मंठ्यात, आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे. कार्यक्रम संपला की तिथल्या लांबलचक सतरंज्या झटकून घड्या घालायचं काम माझी माय आणि शेजारच्या कौसामावशी वर्षानुवर्षं करायच्या. हे एकटीचं काम नाही. दोन्ही टोकं ताणून झटका दिला तरच धूळ निघते. आभार मानताना मांडववाला, माईकवाला, सगळ्यांची नावं यायची… या दोघींचं कधीच नाही. मी एकदा चिडलो तर माय म्हणाली, "मला गाथा पाठ होत न्हाई बाबा. माही वंदना हेच."

दोघींचं मात्र 'तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना.' भांडणाचा विषय एकच. मावशी घडी घालताना सतरंजीच्या दशा, म्हणजे टोकाचे सुटे दोरे, आत दुमडायच्या, उसवू नयेत म्हणून. मायचं म्हणणं, दशा बाहेरच पाहिजेत, म्हणजे उलगडताना टोक जल्दी सापडतं. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मायनं विहारात जाणंच सोडलं. जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. बायका बोलवायला आल्या की एकच उत्तर, "दुसरं टोक कोन धरील?" मला खरंच भीती वाटायला लागली होती… मायही मावशीच्या मागं जाते की काय!

बुद्धपौर्णिमेला मी घरी गेलो आणि तिला जवळजवळ ओढतच विहारात नेलं. वंदना झाली, खीर वाटून झाली, सगळे मिरवणुकीसोबत निघून गेले. भर दुपार, दारं-खिडक्या सताड उघडी. आत फक्त आम्ही दोघं.

"धर टोक," माय म्हणाली.

मी धरलं. तेवढ्यात फोन वाजला, म्हणून टोक खाली ठेवून दारापाशी गेलो. बोलतोय तोच मागून आवाज आला — फट्ट! लहानपणापासून ऐकलेला. दोन्ही टोकं ताणलेली असल्याशिवाय तो येत नाही.

वळून पाहिलं. सतरंजी कमरेइतक्या उंचीवर, ताठ. अलीकडं माय. पलीकडच्या टोकाला… कुणीच नाही. आणखी एक झटका बसला, उन्हात धूळ उडाली. मग ते टोक सावकाश मायकडं चालत गेलं आणि तिच्या हाताला जुळलं. फोनवर "हॅलो, हॅलो" चाललेलं, मी तो तसाच खिशात टाकला.

जवळ गेलो तेव्हा माय घडीवरून हात फिरवत होती. रडलेली नव्हती. चांगलीच वैतागलेली होती.

"पाह्य! दशा परत आतच घातल्या. मरून बी ऐकून न्हाई राह्यली!"

त्या संध्याकाळी मायनं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं. वर मी केलेल्या पिठल्याला मीठ कमी पडलं म्हणून बोलणीही ऐकवली.

मी नंतर खूप विचार केला. वारा म्हणावं तर त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणावं, तर ती आत दुमडलेल्या दशांची घडी मी स्वतः उचलून कपाटात ठेवली होती. मायला विचारलं तर ती म्हणते, "त्यात इचारायसारखं काय हाय?"

पुढच्या पौर्णिमेला मुद्दाम गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर मायला विचारलं, "टोक धरू का?"

"कशाला? टोकाला मानूस हाय," ती पदर खोचत म्हणाली. "तू जाय, माईकच्या वायरी गुंडाळ."