गायके सर वळणावर उभे राहत

चारशे मीटरच्या शर्यतीत सगळे लोक शेवटच्या फितीपाशी गर्दी करतात. आईबाप, मैत्रिणी, फोटो काढणारे, सगळे तिथेच. आमचे गायके सर मात्र मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे दुसरं वळण संपून शेवटची सरळ पट्टी सुरू होते, तिथे एकटे उभे असत. धावणाऱ्या मुली समोरून निघून गेल्या की ते मान वळवूनसुद्धा बघत नसत. शर्यत संपल्यावर सावकाश चालत यायचे आणि आम्हालाच विचारायचे, "मग? कोण आलं पहिलं?"

नवी मुलगी हसायची. तिला वाटायचं, सरांचं लक्षच नाही. एकदा मीही विचारलं, "सर, तुम्ही फितीपाशी का थांबत नाही?"

"तिथं काय करू? तिथं सगळं गाव असतंय," ते म्हणाले. "माणूस इथं एकटं पडतं, माय. दम संपतो तो इथं. इथं कुणीतरी ओळखीचं पाहिजे."

मी पिशोर गावची. अकरावीला शहरात शिकायला आले आणि शहराच्या कडेच्या पडेगावला मामांकडे राहिले. शहराला तेव्हा सगळे औरंगाबाद म्हणत. गायके सर पडेगावातच राहायचे. एका शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि पहाटे पाच-सहा मुलींना धावायला शिकवायचे. बुटके, काळेसावळे, पांढरा सदरा नेहमी खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि बसायला एक जुनी लूना. त्या लूनावरून ते दौलताबादच्या रस्त्याने आमच्या मागे मागे यायचे. चढावर आम्ही मंदावलो की हॉर्न वाजवायचे. किल्ल्याच्या पायथ्याशी पोहोचलो की सीताफळवाल्या बायांशी त्यांच्या गप्पा सुरू. त्या बाया आम्हाला म्हणायच्या, "काय गं पोरींनो, ह्ये माणूस गाडीवर अन् तुमी पायी?" सर लगेच म्हणायचे, "उतरू का मी? उतरतो. पण मग ह्यांना हाकलणार कोण?"

चारशे मीटर म्हणजे मैदानाची फक्त एक फेरी. ऐकायला सोपी वाटते. पण ती शंभर मीटरसारखी डोळे मिटून पळता येत नाही आणि लांबच्या शर्यतीसारखी रमतगमतही नाही. सर सांगायचे, "पहिलं वळण डोक्यानं पळायचं. मागची पट्टी पायांनी. दुसरं वळण छातीनं. अन् शेवटची पट्टी कशानं पळायची, ते मला बी ठाऊक नाय. ते ज्याचं त्यानं बघायचं."

मी बारावी झाले आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निरोप धाडला. पिशोरला मला स्थळं सांगून येत होती. अण्णा तसे सरळ माणूस. ते म्हणाले, "यंदा विभागाच्या संघात निवड झाली तर खुशाल कॉलेज कर अन् पळ. नाय झाली तर घरी ये." मी हो म्हटलं. निवड स्पर्धा आमच्याच शहरात होती आणि पहिल्या दोघींना संघात घेणार होते. मला भीती अशी वाटतच नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी पंच कमी पडले. आयोजकांनी आलेल्या शिक्षकांनाच कामं वाटून दिली. गायके सर दुसऱ्या वळणावर उभे राहणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिथला पिवळा झेंडा त्यांच्याच हातात दिला. वळणावर कुणाचा पाय आतल्या चुन्याच्या रेषेवर पडला, तर तो झेंडा वर करायचा. पाय रेषेवर पडला की धावणारी बाद.

मी आतल्या पट्टीत होते. सुरुवात छान झाली. मागच्या सरळ पट्टीवर वारा पाठीशी होता आणि दुसऱ्या वळणाला लागताना माझ्या पुढे एकच मुलगी उरली होती. मग मांड्यांमध्ये ओली वाळू भरल्यासारखं झालं. मान आपोआप मागे गेली, तोल डावीकडे झुकला. सर दिसले. त्यांचं तोंड हललं, पण कानात नुसता घोंघावणारा श्वास होता. पुढचं नीट आठवत नाही. मी दुसरी आले. गवतावर आडवी झाले आणि हसत सुटले. मैत्रीण माझ्या तोंडावर पाणी मारत होती.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "वळणावर झेंडा वर आहे."

मी उठून बसले. डाव्या बुटाच्या कडेला चुना लागलेला होता. मुख्य पंच आणि सर मैदानाच्या मधून चालत येत होते. पंच दबक्या आवाजात बोलत होते, पण मला ऐकू आलं.

"सर, तुमचीच मुलगी ना ही? जाऊ द्या की. कुणी पाहिलं नाही."

"मी पाह्यलं ना," सर म्हणाले.

"तिला त्याचा काही फायदा झालेला नाही हो."

"झाला का नाय, ते मला नका विचारू. पाय कुठं पडला तेवढं विचारा."

तिसऱ्या आलेल्या मुलीची निवड झाली. ती बिचारी माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. सर माझ्याजवळ आले. मी तोंड फिरवलं. ते निघून गेले. मी त्याच दुपारी पिशोरची एसटी पकडली.

घरी कुणी मला रागावलं नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. अण्णा म्हणाले, "बोलल्याप्रमाणं झालं. आता पुढचं बघू." दोन-तीन दिवसांनी भर उन्हात गायके सर दारात उभे. सदरा घामाने चिकटलेला, हातात गुळाची पुडी. मी आत जाऊन दाराआड उभी राहिले.

अण्णांनी त्यांना बाजेवर बसवलं. पाणी झालं, चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग अण्णा म्हणाले, "सर, तुमी एवढं लांबून आलात. पण पोरीची निवड झाली नाय."

"झाली व्हती," सर म्हणाले. "मी काढून घेतली. झेंडा माझ्या हातात व्हता."

अण्णांना हे ठाऊकच नव्हतं. मी घरी फक्त 'बाद झाले' एवढंच सांगितलं होतं.

"तुमचीच पोरगी, अन् तुमीच झेंडा उचलला?"

"व्हय. तिचा पाय रेघेवर व्हता. नसता उचलला, तर उद्या तिला काय तोंडानं शिकवलं असतं?" मग सर जरा पुढे सरकले. "एक वरीस द्या, अण्णा. ही पोरगी पळायला जन्मलीय. माझं ऐका."

"अन् पुढल्या साली पुन्यांदा पाय पडला तर?"

सर जरासुद्धा थांबले नाहीत. "पुन्यांदा उचलीन."

अण्णा मोठ्याने हसले. मी दाराआडून ऐकत होते, पण माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. हसता हसता त्यांनी आईला हाक मारली, "अगं, भाकरी टाक. सर जेवून जातील." आणि सरांना म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाकडं पोरगी ठेवायला भ्याव नाय. न्या तिला."

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसले, सर शेजारी. मी सबंध रस्ता बाहेरच बघत होते. त्यांनी माफी मागितली नाही की समजूत काढली नाही. फुलंब्री मागे पडल्यावर एवढंच म्हणाले, "तुझी मान मागं जाती. म्हणून पाय आत येतो. उद्यापासून वळण चालायचं. पळायचं नाय, चालायचं."

तो सबंध पावसाळा मी ते वळण चालले. चिखलात, छत्री घेऊन, कधी सरांची शिवी खात. राग कधी गेला ते मला कळलं नाही. पुढच्या वर्षी माझी निवड झाली. राज्य पातळीवर मी अंतिम फेरी गाठली आणि तिथे मागून दुसरी आले. सरांना त्याचाही आनंद झाला. "पाय रेघेवर नाय पडला," एवढंच म्हणाले.

माझ्या लग्नात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मला हळद लावता लावता म्हणाल्या, "तुला बाद केलं ना, त्या दिवशी हे घरी आले अन् मोरीत जाऊन बसले. नळ सोडून रडत व्हते. मला वाटलं, कुणी गेलं की काय." मी सरांकडे पाहिलं. ते मांडवाच्या खांबापाशी उभे राहून कुणालातरी जिलेबीचा आग्रह करत होते.

मी खेळाची शिक्षिका झाले. सर निवृत्त झाले, साखर वाढली, नजर अधू झाली. शहरातल्या मैदानावर लाल सिंथेटिक ट्रॅक झाला तेव्हा मी त्यांना बघायला घेऊन गेले. त्यांनी बूट काढले आणि अनवाणी चालून पाहिलं. "गादी हाय गं ही. ह्याच्यावर झोप लागंल, पळणं कसं व्हतंय?" असं म्हणून स्वतःच हसत राहिले.

ते गेले त्या सकाळी मी माझ्या शाळेच्या मुलींना घेऊन स्पर्धेला आले होते. चारशे मीटरच्या आधी काकूंचा फोन आला. मी म्हटलं, "लगेच निघते." काकूंचा आवाज स्थिर होता. "पोरींना सोडून येऊ नको. त्यांना खपलं नसतं. ल्योक पुण्याहून येतोय, संध्याकाळपर्यंत थांबणारच आहोत."

मी थांबले. आमच्या शाळेची मुलगी शेवटून पहिली आली, पण पूर्ण धावली. मग मी मुलींना घरी सोडते म्हणाले, तर त्या ऐकेनात. आम्ही सगळ्या टेंपोत बसून तशाच पडेगावला गेलो. ट्रॅकसूट, अंगावर धूळ, छातीवर नंबर. अंगणातली दोन माणसं कुजबुजली की एवढ्या मुली कशाला स्मशानात. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना. त्यांच्याच तर जिवावर जगला माणूस."

आम्ही तिरडीच्या मागे मागे चालू लागलो. मुलींनी सरांना कधी पाहिलंही नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर माझ्या शेजारच्या, त्या शेवटी आलेल्या मुलीने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मॅडम, सर कसे होते?"

मी डोळे पुसले आणि चालता चालता तिला सांगायला लागले.