एका शांत बारची बदनामी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींचं पान बघायचे. 'जुनी सायकल विकणे आहे', 'मांजर हरवले आहे', असल्या मजकुरात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उरलेलंही तसंच सुखात गेलं असतं. पण त्याच कचेरीत वाइन बारवर परीक्षणं लिहिणारे एक गृहस्थ होते आणि त्यांना डॉक्टरांनी एके दिवशी पिणं कायमचं बंद करायला सांगितलं. संपादकांनी खोलीभर नजर फिरवली. ती दाजींवर येऊन थांबली.

"तुम्ही घेता का हो?"

"क्वचित. सर्दी झाली तर."

"मग तुम्हीच लिहा," संपादक म्हणाले. "निदान लेख वेळेवर तरी येईल."

अशा रीतीने दाजी 'चोखंदळ' या टोपणनावाने दर शनिवारी शहरातल्या एकेका वाइन बारची बरीवाईट हकीकत लिहायला लागले. एकट्या माणसाला असले बार टेबल देताना कुरकुर करतात. ताई दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. दिवसभर कण्हणारी माणसं बघितल्यावर संध्याकाळी हसणारी माणसं बघायचंही तिच्या अंगात त्राण नसायचं. म्हणून दाजींच्या जोडीला मी जायची. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, औषधांच्या दुकानात काम करते आणि फुकट मिळालेल्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नाही.

पहिल्याच बारमध्ये वेटर आमच्या टेबलाशी उकिडवा बसला आणि त्याने आम्हाला वाइनची जन्मकथा सांगितली. डोंगराचा उतार, धुकं, द्राक्षं तोडणाऱ्या आजीबाई, सगळं आलं. ग्लास माशांच्या भांड्याएवढा आणि त्यात वाइन औषधाच्या डोसाएवढी. दाजींनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ विचार केला.

"कसला वास येतोय?" मी विचारलं.

"नवा फ्रिज आणला होता ना आपण, तो खोक्यातून काढला तेव्हाचा."

आणि त्यांनी तसंच लिहिलं. उंच स्टुलावर पाय लोंबकळतात आणि माणसाला शिक्षा झाल्यासारखं वाटतं, हेही लिहिलं. वाचकांना ते भलतंच आवडलं. आधीच्या गृहस्थांच्या लेखात जर्दाळू, ओलं चामडं आणि दूरवरच्या वणव्याचा धूर असायचा; दाजींच्या लेखात खुर्ची, उजेड आणि आवाज. विशेषतः आवाज. कारण दाजींना जगात एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे शांतता. कचेरीत दिवसभर फोनवर लोकांची हरवलेली मांजरं ऐकायची आणि घरी आलं की खालच्या मजल्यावरच्या सुताराची करवत. जिथे दोन टेबलं रिकामी असतील आणि गाणी लावलेली नसतील, त्या बारची दाजी तोंड भरून स्तुती करायचे.

इथेच माशी शिंकली. दाजींनी 'काय शांतता आहे!' असं लिहिलं की पुढच्या शनिवारी निम्मं शहर ती शांतता ऐकायला तिथे लोटायचं. नदीकाठच्या एका बारवर त्यांचा फार जीव जडला होता. लेख आल्यावर काही आठवड्यांनी आम्ही तिथे पुन्हा गेलो, तर दारात दोरी बांधलेली, आत कर्णे लावलेले, आणि दाराच्या काचेवर दाजींच्याच लेखाचं कात्रण.

"नाव नोंदवून थांबा, काका," दारवान म्हणाला. "तासभर तरी लागेल. पेपरात आलंय आमचं."

दाजींनी आपलाच लेख उभ्या उभ्या पुन्हा वाचला आणि घरी परत आले. असं तीन-चारदा झालं. ज्याला हात लावावा त्याची जत्रा व्हायची.

मग त्यांना तो बार सापडला. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी. पूर्वी तिथे शिंप्याचं दुकान होतं. कापड कापायचं लांबलचक टेबल तसंच ठेवून त्यावर बाटल्या मांडल्या होत्या. मालकीणबाई पन्नाशीच्या, आवाजाने खणखणीत, बोलायला तुटक. त्यांच्याकडे लाल आणि पांढरी अशा दोनच वाइन होत्या, दोन्ही त्यांच्या भावाच्या मळ्यातल्या. पहिल्या दिवशी दाजींनी सवयीने विचारलं, "ही लाल कशी आहे?"

"पिऊन बघा," मालकीणबाई म्हणाल्या. "नाही आवडली तर मी पिते."

दाजी जे प्रेमात पडले ते पडलेच. भिंतीकडच्या खुर्चीत बसून एक ग्लास दोन तास पुरवायचा, रस्त्याकडे बघायचं, कुणाशी बोलायचं नाही. आमच्याखेरीज तिथे लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस यायचा, तो शब्दकोडी सोडवायचा, आणि दोन वयस्क बहिणी यायच्या, त्या एकमेकींवर रुसलेल्या असल्याने त्यांचाही आवाज नसायचा. दाजींनी मला बजावलं, "या जागेबद्दल मी एक ओळ लिहिणार नाही. तूही कुठे बोलू नकोस."

पण शहरात लपून काय राहतं? एक दिवस संपादकांनीच त्यांना बोलावलं. "तुमच्या घराजवळ शिंप्याच्या दुकानात कुठलासा बार निघालाय म्हणे. या आठवड्यात तोच घ्या."

दाजींनी 'तिथे विशेष काही नाही' असं सांगून बघितलं. "मग तसंच लिहा," संपादक म्हणाले.

आणि दाजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्तुतीने गर्दी होते ना? मग निंदा करायची!

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हाला लेख वाचून दाखवला. खुर्च्या डुगडुगतात. वाइन दोनच. गाणी नाहीत, सजावट नाही, भिंतीवर शिंप्याचा आरसा तसाच. कुणी काही समजावून सांगत नाही, विचारलं तर तुटक उत्तर मिळतं. दोन ग्लासांनंतर मालकीण 'आता घरी जा' असं तोंडावर सांगते. आणि शेवटी, 'वाइनबद्दल लिहावं असं काहीच नाही.'

ताईने ताट बाजूला सारलं. "अहो, यात एकही गोष्ट खोटी नाही," ती म्हणाली, "आणि सगळं मिळून एक नंबरचं खोटं आहे."

"तिचंही भलंच होईल त्यात," दाजी म्हणाले. "गर्दी झाली की जागेचा आत्मा जातो."

"आत्मा तिचा जातो, की तुमची खुर्ची?"

दाजींनी लेखाची घडी घालून खिशात ठेवली. लेख छापून आला.

सोमवारी आम्ही बारमध्ये गेलो तेव्हा मालकीणबाई टेबलावर पेपर पसरून उभ्या होत्या आणि लिफ्टवाल्याला एकेक वाक्य वाचून दाखवत होत्या. "खुर्च्या डुगडुगतात म्हणे! डुगडुगतात तर डुगडुगतात. 'घरी जा' म्हणते म्हणे! म्हणते, कारण माणसं धडपडतात." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण वाइनबद्दल लिहावं असं काही नाही? माझा भाऊ पहाटे उठून त्या वेलींशी बोलतो हो, लेकरांशी बोलावं तसा. त्याला मी हे कसं दाखवू?" आणि दाजींकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पेपरातच आहात ना? कोण हा चोखंदळ, जरा शोधून काढाल?"

दाजींचा चेहरा ग्लासातल्या वाइनच्या रंगाचा झाला. "बघतो," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी ग्लास दहा मिनिटांत संपवला.

शनिवारी संध्याकाळी त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. किल्लीवाल्याच्या दारापर्यंत तरुण पोरापोरींची रांग लागली होती. "इथे कुणी काही समजावून सांगत नाही म्हणे!" एक मुलगी आनंदाने मैत्रिणीला सांगत होती. दुसरा एक जण खुर्ची मुद्दाम डुलवून तिचा फोटो काढत होता. आत मालकीणबाई भोवऱ्यासारख्या फिरत होत्या, आणि एका टोळक्याला त्यांनी 'आता घरी जा' म्हटल्याबरोबर टोळक्याने टाळ्या वाजवल्या. दाजींच्या खुर्चीवर एक दाढीवाला बसला होता आणि त्याच्या मांडीवर आणखी कुणीतरी.

त्यानंतर दाजी चार दिवस तोंडाला कुलूप लावून वावरले. शेवटी ताईच म्हणाली, "अहो, जाऊन त्यांना सांगून या. नाहीतर असेच आंबून जाल." एकट्याने जायची हिंमत होईना म्हणून दाजींनी मला बरोबर घेतलं.

दुपारची वेळ होती, बार उघडला नव्हता. मालकीणबाई ग्लास पुसत होत्या. दाजी दारातच उभे राहून म्हणाले, "तो चोखंदळ मीच."

मालकीणबाईंनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे मला बुडवायला निघाला होतात?"

"बुडवायला नाही हो. लपवायला. मला ही जागा फार आवडते. इथली शांतता..."

"शांतता?" मालकीणबाई म्हणाल्या. "अहो, मी इथे संध्याकाळच्या संध्याकाळ रिकाम्या खुर्च्या पुसत होते. आज तरी कुणी येईल म्हणून दाराकडे बघत होते. तुम्हाला ती शांतता वाटत होती? माझं दुकान लपवायचं तर आधी मला विचारायचं होतंत."

दाजींना खाली बसायलाही सुचलं नाही. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मी नवा लेख लिहितो. खरं काय ते लिहितो. तुमच्या भावाच्या वाइनबद्दलही."

"खबरदार!" मालकीणबाई एकदम पुढे आल्या. "चांगलं लिहिलंत तर ही सगळी पोरं निघून जातील. त्यांना आम्ही वाईट आहोत म्हणूनच आवडतो." मग त्यांनी ग्लास पुन्हा पुसायला घेतला. "भावाला मात्र पत्र लिहा. पेपरात नको, घरच्या पत्त्यावर. आणि लाल कशी लागते ते लिहा, फ्रिजबिज नको."

ते पत्र लिहायला दाजींना आठवडा लागला. त्यात काय होतं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. भावाने उत्तरादाखल द्राक्षांची एक पेटी पाठवली, एवढं खरं.

पेपरात मात्र निराळंच होऊन बसलं. तो लेख इतका गाजला की संपादकांना आता दर आठवड्याला तसाच झणझणीत लेख हवा होता. बारमालक दाजींच्या ओळखी काढून निरोप पाठवायला लागले, 'आमच्याकडेही या आणि चार शिव्या घाला.' एकाने तर म्हणे चांगल्या खुर्च्यांचे पाय मुद्दाम कापून घेतले. जन्मात कुणाला उलट बोलू न शकलेला आमचा हा गरीब माणूस शहरातला सगळ्यात तिखट जिभेचा परीक्षक म्हणून नावारूपाला आला. त्यांनी राजीनामा द्यायचा प्रयत्न केला, पण संपादकांनी तोही 'काय फटकेबाज लिहिलंय!' म्हणून कौतुकाने वाचला आणि खणात टाकला.

शिंप्याच्या बारमध्ये दाजी अजून जातात. खुर्ची मिळत नाही, आरशाच्या बाजूला उभे राहतात. मध्यंतरी मालकीणबाई, किती वर्षांनी कोण जाणे, भावाकडे मळ्यावर चार दिवस राहायला गेल्या. दाजींना ते ठाऊक नव्हतं. ते पोचले तर दार बंद, आणि बाहेर पाच-सहा पोरं-पोरी हिरमुसून उभी. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "काका, तुम्हीपण नेहमी येता ना? चला, समोर कॉफी घेऊ."

दाजी त्या दिवशी उशिरा घरी आले. मी ताईकडेच बसले होते. त्यांच्या शर्टावर कॉफीचा डाग, आणि घसा बसलेला.

"काय हो, कसं होतं?" ताईने विचारलं.

"नुसता गोंगाट," दाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ओरडून ओरडून बोलावं लागलं." शर्ट खुंटीला लावता लावता ते ताईला म्हणाले, "उद्या सहाला बोलावलंय त्यांनी. तू येतेस का?"