कोहितूरची वेळ

इद्रिस मोमिन सकाळपासून नुसता धुमसत होता. जियागंजच्या घाटाकडे बघायचा, झोपडीत यायचा, कापसात ठेवलेला आंबा अलगद कुशीवर वळवायचा, की पुन्हा बाहेर.

"अहो, बसा की एका जागी! पायाला भिंगरी लागलीय का?" रोशनआरा म्हणाली.

"बसतो! तो कोलकात्याचा साहेब नावेत बसून इमामबाड्याचे फोटो काढतोय, आणि इथं फळ हातचं चाललंय!"

भागीरथीकाठच्या या बागेत कोहितूर आंब्याचं एकच झाड उरलं होतं. आधी इद्रिसच्या बापानं ते राखलं, मग इद्रिसनं. पण मालक निर्मलबाबूंना तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. जुन्या कोठ्या-हवेल्या बघायला, रेशीम घ्यायला लोक येतात, त्यांना खिडकीतून नदी दिसली पाहिजे म्हणे! इद्रिसनं हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं, की पर्यटक धाडणाऱ्या साहेबानं एकदा हा आंबा खावा. आवडला तर झाड राहील, पाहुण्यांना चाखवू. नाही तर कुऱ्हाड.

यंदाचं हे शेवटचं फळ. आणि कोहितूरचे नखरे काय कमी? झेल्यात उतरवा, कापसात निजवा, लोखंड लावू नका, बांबूच्या पातीनं कापा. पिकला की तेव्हाच खा, दुपार टळली की ती चव गेलीच. साहेबाला सकाळी बोलावलं होतं ते उगीच नाही.

साहेब उगवला उन्हं कलल्यावर, निर्मलबाबूंना घेऊन. "काय नदी आहे हो तुमची! पाण्यातून तो हजारदुआरी राजवाडा असा दिसतो, मी नाव वळवूच देईना."

इद्रिसनं आत येऊन फळ हुंगलं आणि त्याचं तोंडच उतरलं.

रोशनआरानं त्याला कोपरानं ढोसलं. "गुपचूप कापून द्या. त्याला काय कळतंय?"

"हे कोहितूर म्हणून देऊ? बापाचं नाव घालवू?"

"अहो, झाड वाचेल!"

पण दिवसभराचा राग डोक्यात गेलेला. तो तरातरा बाहेर आला. "साहेब, आंबा गेला. तुमच्या त्या फोटोंपायी गेला. देण्याजोगा राहिला नाही."

"अहो चाचा, द्या की, मला चालेल."

"मला नाही चालत!"

निर्मलबाबू चिडले नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला तेवढा. "चाचा, वर्षभर राखायचं, आणि खायला माणूस आला की तुम्हीच नाही म्हणायचं. मग मी हे झाड ठेवू तरी कशासाठी? सांगा ना."

निर्मलबाबू साहेबाला झाडाखाली घेऊन गेले आणि खिडकी कुठं येईल ते हात करून दाखवू लागले.

आत रोशनआरानं तो आंबा सरळ विळीवर कापला. एक फोड तोंडात टाकली.

"गोड आहे हो," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.