टीव्ही गेम आणि पोरींचा हात

पोरींचा हात लागला म्हणून टीव्ही गेम बिघडला, असा ठराव आमच्या तरुण मंडळानं केला होता. हसू नका. वहीत लिहून, खाली सह्या करून केला होता. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं, कवठे महांकाळ तालुक्यातलं आमचं गाव. मंडळाची हँडबिलं मीच लिहायचे, दारूबंदीची, टँकरची. म्हणून फळ्यावर ‘मुलींना मनाई’ हेही मीच लिहावं, असं ठरलं. मी खडू खाली ठेवला. मी म्हणाले, आधी गेमचा डबा उघडून बघू.

तो डबा सुट्टीवर आलेल्या एका फौजीनं मंडळाला दिलेला. वर्षभर पोरंच खेळली. भांडून भांडून पोरींसाठी मी रविवारची दुपार मिळवली. खंडेनवमीला डबा पूजेत मांडला गेला, तो थेट त्या पहिल्या रविवारीच बाहेर निघाला. पोरी बसल्या आणि चित्र फुटलं. पळणाऱ्या माणसाचं डोकं ढगात, पाय जमिनीत, विटांच्या जागी आकडे. झालं! गुन्हेगार तयारच होते.

सांगलीच्या आयटीआयत मी रेडिओ-टीव्हीचा कोर्स करत होते. पुढच्या रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले. सगळे जमले होते, पोरीही.

"कॅसेटीत फुक मारून बघ की," अध्यक्ष म्हणाले.

"आठवडाभर तुमी तेच करताय, दादा."

आधी टीव्ही. त्यावर बातम्या स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे टीव्ही निर्दोष. मग चारही कॅसेटी घालून पाहिल्या. चारींचं चित्र सारखंच फुटलेलं, म्हणजे कॅसेटीही निर्दोष. पण गाणं नीट वाजत होतं आणि बटण दाबलं की ते बिनडोक्याचं भूत उडीही मारत होतं. म्हणजे डब्याचा मेंदू शाबूत. कॅसेट जिथं बसते त्या खाचेत पिनांच्या दोन रांगा असतात. खेळ चालवणाऱ्या पिना एका अंगाला, चित्राच्या दुसऱ्या. दुखणं त्या दुसऱ्या अंगालाच असणार.

झाकण काढलं, बॅटरी मारली. पिनांमध्ये लाल-पिवळा चिखल वाळून बसलेला, पिनांवर हिरवा गंज आणि दोन पिनांच्या मध्ये एक तांदूळ.

"तांदूळ!" मागून एकजण ओरडला. "बगा, बायांचाच हात!"

सगळी खोली हसली.

"कुंकवात भिजलेला तांदूळ हाय," मी म्हणाले. "पोरी काय टीव्ही गेमचं लगीन लावत हुत्या व्हय?"

आता पोरी हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. खंडेनवमीला कोरडं कुंकू प्लॅस्टिकवर टिकेना, म्हणून त्यांनीच हळदकुंकू पाण्यात कालवून खाचेला लावलं होतं, वर अक्षता. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीसुद्धा.

तांदूळ चिमट्यानं काढला. स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशनं पिना घासल्या, वाकलेली एक सरळ केली. कॅसेट घातली. डोकं धडावर आलं, विटा विटांच्या जागी.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "हे बग, रविवार पोरींना दिला. कायमचा. पर कुंकवाचं नाव पुन्यांदा काढू नगंस. दमट हवेनं गंज चढला हुता म्हण."

सौदा सोपा होता. गप्प बसले असते तर रविवार पदरात पडला असता. पण कुणाच्या मेहेरबानीनं मिळालेला रविवार पुढच्या बिघाडाला पुन्हा जातो. पुन्हा काही बिघडेल, पुन्हा पोरींचेच हात तपासतील.

मी टीव्हीपुढं उभी राहिले. ठरावाची वही उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे खोटं हाय. बिघाड पूजेच्या पाण्यानं झाला. पूजा दादांनी केली आणि टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. पोरींचा काडीचा संबंध न्हाई. ठराव खोडा, आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांनीच खोडा."

मी पेन पुढं धरून उभीच. शेवटी अध्यक्ष उठले. पेन हिसकावून घेतलं, कागद फाटेल इतक्या जोरानं आपली सही खोडली, चपला घातल्या आणि गेले. मग एकेक करून बाकीच्यांनी खोडल्या. तांदळावर ओरडणारा सगळ्यात शेवटी.

मला अजून बरंच बोलायचं होतं. तेवढ्यात खाली बसलेली एक पोरगी म्हणाली, "आवं ताई, सरका की. दिसंना!"