चौकोनी मिशी

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची बोलणी एका काळ्या चौकोनापाशी अडली, तेव्हा मला तातडीने कुवेंपुनगरला मावशीकडे बोलावण्यात आलं. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. त्यातही चित्रं कमीत कमी जागेत कशी मावतील, हा माझा विषय. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा कुणाला कधी उपयोग होईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

गेले तर मामा चष्मा कपाळावर चढवून मोबाइल नाकाला टेकवून बसलेले. एका स्थळाचा फोटो आला होता. मुलगा कसल्याशा कार्यक्रमात उभा, आणि त्याच्या नाकाखाली एक काळपट चौकोन.

“मिशी आहे,” मामा म्हणाले.

“अय्यो, मिशी कसली! सावली आहे ती,” मावशी म्हणाली.

मावसबहिणीची सगळ्या जगात एकच अट होती: नवऱ्याला मिशी नको. उंची, पत्रिका, नोकरीचं गाव, कशालाच तिची हरकत नव्हती. मिशी का नको असं विचारलं, की “सुम्ने” म्हणायची. म्हणजे कानडीत ‘उगीच’. त्यापुढे बोलणं खुंटायचं.

मामांनी दोन बोटांनी फोटो ताणला. चेहरा मोठा झाला नाही, चौकोन मोठे झाले. आणखी ताणला तेव्हा मुलाचा डावा डोळा एका चौकोनात गेला आणि हनुवटी फरशीसारखी दिसायला लागली.

“हा कुणाकुणाकडून फिरून आलाय?” मी विचारलं.

मावशीने आठवून सांगितलं. मुलाच्या आईने तो पुण्याच्या जावेला पाठवला, जावेने हुबळीच्या विहिणीला, विहिणीने आमच्या मामीला. मामीला फोटो पुढे कसा पाठवतात ते येत नव्हतं, म्हणून तिने मामांच्या मोबाइलने आपल्या मोबाइलचा फोटो काढला होता.

मग मी समजावून सांगितलं. फोटो साठवताना त्याचे बारीक बारीक चौकोन पाडतात, आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. एकेक चौकोन वेगळा घ्यायचा, त्यातलं मुख्य ते ठेवायचं आणि डोळ्याला सहसा कळत नाही असं बारीकसारीक टाकून द्यायचं. म्हणून फोटो चटकन जातो. पण फारच टाकलं, आणि दर मुक्कामाला पुन्हा पुन्हा टाकलं, की चौकोनांच्या कडा दिसायला लागतात.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. “हौदा? असं होय? बरं, मग आता ते टाकलेलं परत काढ.”

“ते परत येत नाही, मामा.”

“मग कॉलेजात शिकवतेस काय?”

“टाकायला.”

मूळ फोटो मागवा म्हटलं, तर मामांना ते पटेना. दिसत नाही असं सांगितलं तर मुलीच्या मामाला मोतीबिंदू आहे असं त्यांना वाटेल, म्हणाले. त्यापेक्षा जाऊन मुलगाच बघू. पत्ता विचारायला त्यांनी हुबळीला फोन लावला आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. मुलाचं घर मावशीच्या घरापासून दोन क्रॉस, म्हणजे दोन आडव्या गल्ल्या पलीकडे, दूधकेंद्राशेजारी होतं.

“म्हणजे आपलं पाणी जातं तेव्हा त्यांचंही जातं!” मावशी कपाळाला हात लावून म्हणाली.

रविवारी बहिणीला घेऊन आम्ही चालतच गेलो. दार मुलानेच उघडलं. ओठावर एक केस नव्हता. मावशीने मला असा काही कोपर मारला की माझी चप्पल पायातून निघायच्या आधीच मी आत. तो काळा चौकोन म्हणजे त्याच्या हातातला माइक होता, हे नंतर कळलं.

सगळं छान चाललं होतं, फक्त मुलाची आई विचित्र वागत होती. चिवडा द्यायला आली तेव्हा माझ्या बहिणीच्या तोंडाशी वाकली. कॉफी देताना तिला म्हणाली, “तू इकडे उजेडाला बस, बाळ.” शेवटी मुलाच्या वडिलांना राहवेना. ते मोठ्यांदा म्हणाले, “अहो, काहीच नाहीये!”

“काय नाहीये?” मावशीने विचारलं.

 मग मुलाने खाली मान घालून आपला मोबाइल पुढे केला. बहिणीचा तलकाडला नदीकाठच्या वाळूत भर उन्हात काढलेला फोटो. तोही त्याच वाटेने, उलटा प्रवास करून तिकडे पोचला होता. नाकाच्या सावलीचा नीट आडवा चौकोन झाला होता.

“मिशी आहे,” मामा सवयीने म्हणाले.

“आम्ही म्हटलं, असेल थोडीशी,” मुलाची आई म्हणाली. “पण हा म्हणाला, मला चालेल.”

बहिणीने त्याच्याकडे बघितलं. “तुम्हाला चालणार होती?”

“हो,” तो म्हणाला. “म्हणजे... विचारणं बरं दिसलं नसतं.”

ती इतकी हसली की कॉफी नाकातून आली. त्याने पळत जाऊन टॉवेल आणला. घाईत आणलेला तो टॉवेल त्याच्या वडिलांचा, ओला होता.

परतताना ती दूधकेंद्रापाशी थांबली. “त्याला चालणार होती गं,” मला म्हणाली. “आणि मी काय करत होते?”

घरी पोचताच तिने स्वतःच त्याला फोन लावला.

“अगं, मुलीकडच्यांनी निदान एक दिवस थांबायचं असतं!” मावशी ओरडली. पण तोवर होकार देऊन झाला होता, आणि दोघांनीच पहिल्यांदा कुठे भेटायचं यावरून ती भांडतही होती. मामा देवापुढे साखर ठेवायला उठले. डबा रिकामा निघाला, तेव्हा त्यांनी गुळाचा खडा ठेवला.