घरच्या शाळेच्या अर्जावर सही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या मिशन शाळेच्या बाईंचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो. म्हणून दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात बायको आमच्या मुलीबद्दल म्हणाली, "पुढची वर्षं हिला आपण घरीच शिकवू," तेव्हा मला ती शाळेशी बेइमानी वाटली.

आम्ही आयर्लंडमधल्या पोर्टलीशला राहतो. बायको नर्स आहे, मी औषधांच्या कारखान्यात दर्जा तपासतो. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्या वर्षी साथीमुळे तिची माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा रद्द झाली आणि एकही पेपर न लिहिता ती पुढे गेली. मला तेही खटकलं होतं.

बायकोला ही कल्पना चर्चमधल्या एका आयरिश बाईंनी दिली. त्यांनी स्वतःची पाचही मुलं घरी शिकवली होती. त्यांची यादी अशी: लॅटिन, तर्कशास्त्र, वक्तृत्व, प्राचीन इतिहास, आणि रोज पवित्र शास्त्राचा एक अध्याय. जुनी ख्रिस्ती पद्धत आहे, म्हणाल्या. मी मनात म्हटलं, पुस्तकं विकण्यात यांचा काही वाटा असणार. मग त्यांनी स्वतःची जुनी पुस्तकं फुकट आणून दिली, तेव्हा संशय आणखी वाढला.

"पुढे कॉलेजला अडचण नाही ना येणार?" मी त्या आयरिश बाईंना विचारलं.

"छे, सगळं ग्रँड होईल."

इथे छत गळत असलं तरी लोक ग्रँडच म्हणतात.

घरी शिकवायचं तर सरकारी नोंदणी लागते. अर्जासाठी मी वर्षाची आखणी करायला बसलो. आमच्या शाळेसारखेच चाळीस मिनिटांचे आठ तास पाडले, मोबाइलवर घंटा लावली. आमच्या कारखान्यात सही नसेल तर काम झालंच नाही असं धरतात, म्हणून प्रत्येक तासापुढे मुलीच्या सहीचा रकाना ठेवला, शेजारी माझ्या.

"अहो, पोरीला शिकवताय की गोळ्यांची बॅच काढताय?" बायको म्हणाली.

"उद्या कोणी विचारलं तर दाखवायला काय आहे आपल्याकडे?"

सही करण्याआधी आठवडाभर चालवून बघायचं ठरलं. तर्कशास्त्राचा तिचा पहिलाच निबंध मला फार नेटका वाटला. त्यातली वाक्यं मी इंटरनेटवर शोधू लागलो. एकही सापडलं नाही, पण मुलीनं मला शोधताना पाहिलं. तिला मराठी सगळं कळतं. बोलते मात्र इंग्रजीत, इथल्या हेलात.

"पप्पा, मी कॉपी केली असं वाटतंय तुम्हाला?"

"मी फक्त तपासतोय."

"मग तुमचंही तपासू. शाळा होती म्हणून तुम्ही शिकलात. बरोबर?"

"शंभर टक्के."

"दहावीचं गणित कुठे शिकलात?"

"बाईंच्या स्वयंपाकघरात. त्या भाकरी थापायच्या, मी गणितं सोडवायचो."

"आणि इंग्रजी?"

"तिथेच."

"मग ही घंटा कशाला वाजवताय?"

बायको ओट्यापाशी खुदकन हसली. दोघींनी हे आधीच ठरवलं असणार, असं मला वाटलं. चार दिवस अर्ज तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी सही केली आणि मिशन शाळेच्या बाईंना पत्र टाकलं:

"प्रिय बाई, सलाम. मुलीला घरी शिकवण्याच्या अर्जावर आज सही केली. शाळेची शेवटची सरकारी परीक्षा तिनं बाहेरून द्यायची, ही अट मी घातली. तिनं ती मानली, आणि मला घंटा बंद करायला लावली. मी बरोबर केलं की तिचं कॉलेज हातचं घालवलं, हे परीक्षेनंतरच कळेल. कोणाच्या शब्दावर विसंबावं ते समजत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. रागावू नका. वर्गात तुम्ही रोज शिकवतच होता, मग शाळा सुटल्यावर मला घरी का बोलवायचात? मी कच्चा होतो म्हणून, असं मी आजवर धरून चाललो. आता शंका येते, की त्या शाळेवर तुमचाही पुरता भरवसा नव्हता. तसं असेल तर स्पष्ट लिहा. मला वाईट वाटेल म्हणून गोड लिहू नका. आपला विद्यार्थी."